वहीचा कागद: लाकडाचा, बगॅसचा की रद्दीचा? भार मोजायचा कसा?

मांजराकाठची
लातूर जिल्ह्यातल्या काही शाळांसाठी वह्यांची एकत्रित खरेदी ठरते आहे. समोर तीन प्रकारचे कागद आहेत: लाकडाच्या लगद्याचा, बगॅसचा (ऊस गाळून उरलेल्या चोथ्याचा) आणि रद्दीपासून केलेला. तिघांच्याही पत्रकावर हिरवं पान छापलेलं आहे. एक म्हणतो, 'एका टनामागे १७ झाडं वाचली', दुसरा म्हणतो, 'एकही झाड तोडलं नाही'. पाणी, कोळसा आणि गाळाबद्दल मात्र तिघेही गप्प.
वही १८ × २४ सेंमी, ९६ पानं (१९२ पृष्ठं), ५८ जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम). हिशेब टनावर मांडायचा की वहीवर? आणि कारखान्यांकडून नेमके कोणते आकडे मागवायचे?

कागदी_घोडे
वहीवर मांडा. टनावर मांडला की पहिली फसवणूक तिथंच होते.
एका पानाचं क्षेत्रफळ ०.०४३२ चौरस मीटर. ९६ पानांचं ४.१५ चौ.मी. गुणिले ५८ जीएसएम म्हणजे वहीत साधारण २४० ग्रॅम कागद, कव्हर वेगळं. समजा रद्दीचा कागद ५८ जीएसएमला पातळ पडला, शाई मागे फुटली आणि ६४ जीएसएम घ्यावा लागला, तर वहीमागे १० टक्के कागद वाढला. टनामागचा आकडा तेवढाच राहील, वहीमागचा वाढेल. म्हणून तुलनेचं एकक 'शाईपेनाने दोन्ही बाजूंनी लिहिता येणारी १९२ पृष्ठं' असं ठेवा. मालाचा पर्यावरणावरचा भार मोजायच्या आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत पहिली पायरी हीच आहे: एकक आणि हद्द आधी ठरवा, आकडे मागून गोळा करा.
कटिंगमधली कात्रणं धरायला विसरू नका. ती रद्दीत परत जातात, पण वाळवायचा खर्च त्यांच्यावरही झालेला असतो.

पऱ्हाटी
ती १७ झाडं कोणती हो? सुबाभूळ की वड?

कागदी_घोडे
@पऱ्हाटी, तेच तर. झाड हे एकक नव्हेच. विरंजित (पांढऱ्या केलेल्या) रासायनिक लगद्याला टनामागे साधारण २ ते सव्वादोन टन पूर्ण कोरडं लाकूड लागतं, कारण लाकडातलं निम्म्याहून जास्त वजन (लिग्निन, म्हणजे धागे चिकटवून धरणारा भाग, वगैरे) शिजवताना विरघळून जातं. कारखान्यावर येणारं ओलं लाकूड याच्या जवळपास दुप्पट भरतं. भारतात हे लाकूड बहुतांशी शेतात लावलेल्या निलगिरी, सुबाभूळ, सुरूचं असतं. चार-पाच वर्षांत तोडायचं म्हणूनच लावलेलं. 'झाडं वाचली' यापेक्षा 'किती जमीन, किती वर्षं आणि त्या जमिनीवर आधी काय होतं' हा प्रश्न उपयोगाचा.

बॉयलरभाऊ
झाडांचं राहू द्या, वाफेचं बोला. कागदाच्या हिशेबात सगळ्यात मोठा माणूस म्हणजे ड्रायर.
प्रेसमधून (पाणी पिळून काढणाऱ्या रोलरांतून) बाहेर पडणाऱ्या ओल्या कागदाचा कोरडेपणा ४२ टक्के धरा, रिळावर ९४ टक्के. एक टन कागदात ९४० किलो कोरडा माल. प्रेसनंतर त्याच्यासोबत १,३०० किलो पाणी असतं, शेवटी उरतं ६० किलो. म्हणजे १,२४० किलो पाणी वाफ करून उडवायचं. किलोभर पाण्याला १.४ किलो वाफ धरली (गळती, हूडमधून जाणारी उष्णता सगळं आलं) तर सुमारे १.७ टन वाफ. आपल्याकडच्या ४,००० किलोकॅलरीच्या कोळशाने किलोमागे ५ किलो वाफ निघते, म्हणजे ३५० किलो कोळसा. किलो कोळशामागे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ५६० किलो. यंत्रांना ४५० युनिट वीज, युनिटला ०.७ किलोने ३१५. एकूण पावणेनऊशे किलो प्रति टन. वहीमागे २१० ग्रॅम.
हा आकडा रद्दीपासूनच्या साध्या तपकिरी कागदाचा. पांढरा करायचा तर शाई काढायची वीज आणि रसायनं वर.
आता गंमत बघा. प्रेस सुधारून कोरडेपणा ४२ चा ४६ केला तर उडवायचं पाणी १,२४० वरून १,०४० किलोवर येतं आणि टनामागे ५५ किलो कोळसा वाचतो. फेल्ट (प्रेसमध्ये पाणी ओढून घेणारं जाड कापड) धुवायचे शॉवर तुंबले की फेल्ट पाणी ओढत नाही, कोरडेपणा दोन टक्के घसरतो आणि वाफ ९ टक्के वाढते. लोगो हिरवा असो की निळा, बिल फेल्टवर ठरतं.

पिठलं_भाकर
म्हणजे कागदाचा कारखाना म्हणजे मुळात पाणी वाळवायचा कारखाना. दुष्काळी भागात हे काम फुकटात झालं असतं राव.

गोदाकाठ
बॉयलरभाऊंचा हिशेब बरोबर, पण त्यातून लोक उलटा निष्कर्ष काढतील म्हणून आधीच सांगतो.
लाकडाच्या मोठ्या एकात्मिक (लगदा आणि कागद एकाच जागी करणाऱ्या) कारखान्यात वाफ मुख्यतः काळ्या द्रावणातून येते. लाकूड कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवल्यावर जे काळं पाणी उरतं त्यात लाकडाचा निम्मा भाग असतो. ते बाष्पकात ६५ ते ७५ टक्के घट्ट करून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. उष्णता मिळते आणि खाली वितळलेला सोडा जमा होतो. तो पाण्यात विरघळवून चुन्याशी अभिक्रिया केली की शिजवायचं द्रावण पुन्हा तयार. चांगल्या कारखान्यात ९५ टक्क्यांहून जास्त रसायन असं परत येतं. त्यामुळे टनामागचा कोळशाचा आकडा लाकडाच्या कागदाचा कमी आणि रद्दीच्या कागदाचा जास्त निघू शकतो. रद्दीच्या कारखान्याकडे जाळायला स्वतःचं लिग्निन नसतं, तो सगळा बाहेरच्या इंधनावर.

कागदी_घोडे
+१. 'रिसायकल म्हणजे आपोआप कमी कार्बन' हे विधान बॉयलरमध्ये काय जळतं हे विचारल्याशिवाय करू नये.

रद्दीशास्त्री
थांबा, थांबा. दोघांनी मिळून रद्दीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. तीन गोष्टी राहिल्या.
एक, बॉयलरचं इंधन बदलता येतं. कोळशाऐवजी भुसा किंवा ब्रिकेट आले की रद्दीच्या कागदाचा ५६० चा आकडा बराच खाली येतो. लाकडाची गरज मात्र कोणत्याही बॉयलरने कमी होत नाही.
दोन, ते लाकूड कापलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न हिशेबाच्या बाहेर ठेवून 'जैविक कार्बन शून्य' लिहिणं म्हणजे निम्मंच खातं लिहिणं.
तीन, ती रद्दी कागद झाली नसती तर कुठं गेली असती? छत्रपती संभाजीनगरात २०१८ साली नारेगावचा कचराडेपो बंद झाला तेव्हा शहरभर काय साठलं होतं ते आठवा. कागद कचऱ्यात कुजला की मिथेन. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) ठोकळ गुणकांनी बघा: टनभर कागदात ४०० किलो कुजण्याजोगा कार्बन, त्यातला निम्मा कुजतो, त्यातला निम्मा मिथेन होतो, म्हणजे १३३ किलो मिथेन. उघड्या उथळ ढिगाला ०.४ ने गुणायचं, ५३ किलो. मिथेनचा गुणक २८, म्हणजे दीड टन कार्बन डायऑक्साइडइतका. ढीग ५ मीटरहून उंच असेल तर ०.८, म्हणजे ३ टन. बॉयलरभाऊंच्या पावणेनऊशे किलोपुढे हा आकडा मोठा आहे की नाही?

गोदाकाठ
आकडा मोठा आहे, पण तो घ्यायचा हक्क नेहमी नसतो. वह्या-पुस्तकांची रद्दी आपल्याकडे कचऱ्यात जातच नाही, घरातून थेट रद्दीवाल्याकडे जाते. तिला 'ढिगापासून वाचवली' म्हणून श्रेय देता येणार नाही. हॉटेलातला तेलकट कागद, ओला झालेला पुठ्ठा, बाजारपेठेतला झाडलोटीचा कागद वेगळा करून आणला तरच ते श्रेय. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन जास्त असतं. तो ढिगात कुजतो कमी, म्हणून 'निम्मा कुजतो' हे त्याला जास्तच होईल.

रद्दीशास्त्री
मान्य. वहीच्या रद्दीला शून्य श्रेय, मिश्र रद्दीला अर्धवट. पण एक धागा (कापसाचा नव्हे, लगद्याचा) पाच ते सात वेळाच फिरतो. दर वेळी आखूड होतो, ताकद घटते, बारीक चुरा पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून नवा लगदा कुठून तरी यावाच लागतो. लाकूड विरुद्ध रद्दी असा सामना लावणंच चूक. नवा लगदा कुठे घालायचा आणि रद्दी कुठे, एवढाच प्रश्न.

साखरपट्टा
आणि बगॅसचं काय? मराठवाड्यात निम्मी चर्चा इथूनच व्हायला हवी होती. लातूर, धाराशिव, बीड, जालना, परभणी, सगळीकडे कारखाने. १०० टन उसातून सुमारे ३० टन बगॅस निघतो. झाड नाही, जंगल नाही, टाकाऊ माल.

बॉयलरभाऊ
@साखरपट्टा, 'टाकाऊ' हा शब्द मागे घ्या बरं. बगॅस साखर कारखान्याचं इंधन आहे. निम्मी ओल असतानाही किलोला २,२५० किलोकॅलरी देतो.
उलटा हिशेब करू. एक टन बगॅसच्या लगद्याला साधारण ६ टन ओला बगॅस लागतो: कोरडा ३ टन, त्यातून गर (पिथ) काढला की २ टन, शिजवून जेमतेम १ टन. पिथ परत बॉयलरला जातो, म्हणजे बॉयलरच्या तोंडचा खरा घास ४ टनांचा गेला. ९० लाख किलोकॅलरी. ती कोळशाने भरून काढायची तर कार्यक्षमतेतला फरक धरून २ टन कोळसा, म्हणजे ३.२ टन कार्बन डायऑक्साइड. एकही झाड तोडलं नाही हे खरं, पण खाण खोदली.

साखरपट्टा
भाऊ, हे प्रत्येक कारखान्याला लागू नाही. जिथं सहवीजनिर्मिती आहे तिथं बगॅस गेला तर कोळसा येत नाही, ग्रिडला जाणारी वीज कमी होते. टनभर बगॅसला २.२ टन वाफ, युनिटला ५ किलो वाफ, म्हणजे ४४० युनिट. ४ टनांचे १,७६० युनिट, गुणिले ०.७ म्हणजे १.२ टन. तुमच्या ३.२ पेक्षा बरंच कमी. आणि हंगाम संपल्यावर जिथं बगॅसचे डोंगर पावसात भिजून कुजतात, वरून आगी लागतात, तिथला उरलेला माल घेतला तर जवळपास काहीच नाही.

कागदी_घोडे
दोघांचे आकडे बरोबर, प्रश्न वेगळे. एकाच टनाला जवळपास शून्य, १.२ किंवा ३.२ टन. म्हणून अहवालात आधी एक वाक्य लिहा: 'हा बगॅस कागदाला मिळाला नसता तर अमुक झालं असतं.' ते वाक्य नसलेला अहवाल वाचूच नये.

तुळजाई
शिजवल्यानंतरचं कोणी बोललं नाही. बगॅस, गव्हाचं काड, भाताचा पेंढा यांत सिलिका असते. पेंढ्यात फार, बगॅसमध्ये त्या मानाने कमी. ती काळ्या द्रावणात उतरते, बाष्पकाच्या नळ्यांवर काचेसारखा थर धरते आणि चुन्याच्या गाळात साठत जाते. मग तो गाळ भट्टीत भाजून पुन्हा चुना करता येत नाही, बाहेर टाकावा लागतो. त्यात हे द्रावण दाट होताना लाकडाच्या द्रावणापेक्षा लवकर चिकट होतं, म्हणून जाळण्याइतकं घट्ट करणं अवघड. लहान कारखान्यांना रिकव्हरी परवडत नाही ती यामुळे. रिकव्हरी नसलेल्या कारखान्याचा बगॅसचा कागद म्हणजे काळं पाणी सरळ सांडपाण्यात. विक्रेत्याला पहिला प्रश्न: रसायन रिकव्हरी आहे का, किती टक्के?
पांढरेपणाचंही तेच. मूलद्रव्य क्लोरीनने विरंजन केलं तर क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं पाण्यात जातात, त्यात डायॉक्सिनही. क्लोरीन डायऑक्साइडवर गेल्यावर ती खूप कमी होतात, ऑक्सिजन आणि पेरॉक्साइडने आणखी. वहीला दुधासारखा पांढरा कागद लागतोच कशाला? थोडा पिवळसर चालतो, डोळ्यांनाही बरा.

पऱ्हाटी
आमच्या पऱ्हाटीचं का नाही होत कागद? रान भरून असती.

तुळजाई
@पऱ्हाटी, होतो. सालीचा धागा लांब, आतल्या काष्ठाचा आखूड, मिसळून चालतो. अडचण गोळा करण्याची. माल हलका, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. माती आणि बोंडांचे अवशेष सोबत येतात. ढीग लावून ठेवला की गुलाबी बोंडअळी त्यात मुक्काम करते, म्हणून साठवायचा तर आधी कुट्टी करावी लागते. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डाचं काम केलेलं आहे. आजच्या घडीला ते कागदापेक्षा सरळ जमतं.

पिठलं_भाकर
अवांतर: कागदावर इतकी चर्चा आणि कागजीपुऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही? दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागतं. हातकागदाची परंपरा थेट तुघलकाच्या राजधानीपर्यंत नेऊन जोडतात.

गोदाकाठ
अवांतर नाही, हिशेबातलंच आहे. हातकागद सुती चिंध्या आणि होजियरीच्या कात्रणांपासून होतो. कापसात लिग्निन नगण्य, म्हणून काळं द्रावणच नाही. वाळवण उन्हात, म्हणजे बॉयलरभाऊंचा ३५० किलो कोळसा शून्य. उरते बीटरची (चिंध्या कुटायच्या यंत्राची) वीज आणि धुण्याचं पाणी. चिंध्या रंगीत असतील तर रंग काढायला ब्लीच लागतं, आणि तिथं लहान केंद्रांत सांडपाण्याची सोय नसते. पांढरी कात्रणंच घेतली तर प्रश्न मिटतो. पण ९६ पानी वह्या हजारोंनी या पद्धतीने होणार नाहीत. जाडी एकसारखी येत नाही, छपाईयंत्रावर अडकतो. प्रमाणपत्रं आणि फायलींसाठी उत्तम.

मांजराकाठची
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पाण्याचं कोणी सांगेल का? आमच्याकडे तोच पहिला प्रश्न.

तुळजाई
घनमीटर प्रति टन हा आकडा मागा, पण 'ताजं पाणी' असं स्पष्ट लिहून मागा. नाहीतर आत फिरणाऱ्या पाण्याचा भलामोठा आकडा देतात, किंवा फक्त बाहेर सोडलेल्याचा छोटा.
मापाला २०१६ ची मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे घ्या. ५० वाघिणींची एक खेप म्हणजे २५ लाख लिटर, २,५०० घनमीटर. टनाला १० घनमीटर घेणाऱ्या रद्दीच्या कारखान्यात तेवढ्यात २५० टन कागद होतो. टनाला ५० घेणाऱ्या लाकडाच्या कारखान्यात ५० टन. पण तो लाकडाचा कारखाना भरपूर पावसाच्या नदीकाठी असेल आणि रद्दीचा कारखाना बोअरवेलवर, तर घनमीटर तोच असला तरी भार तोच नाही. पाण्याच्या आकड्याला त्या खोऱ्यातल्या टंचाईचं वजन लावावं लागतं.

साखरपट्टा
आणि उसाचं पाणी बगॅसच्या खात्यात किती?

कागदी_घोडे
वजनाने वाटलं तर बगॅसवर खूप पाणी चढतं, किमतीने वाटलं तर बहुतेक सगळं साखरेवर. दोन्ही पद्धती मान्य आहेत, म्हणून दोन्ही आकडे छापा. एकच छापणाऱ्याने सोयीचा निवडलेला असतो.

बॉयलरभाऊ
पाणी फार कमी वापरलं म्हणजे फार चांगलं, असंही नाही. पुठ्ठ्याच्या कागदाचे काही कारखाने पाण्याचं चक्र पूर्ण बंद करतात. मग रद्दीतला स्टार्च त्या पाण्यात कुजून आंबट होतो, कॅल्शियम साठतं, पाइपांना थर आणि गंज, यंत्रावर शेवाळी चिकटा, कागदाला वास. पुठ्ठ्याला खपतं, वहीला नाही. दप्तर उघडलं की वर्गाला कळेल.

रद्दीशास्त्री
वहीसाठी म्हणजे पांढऱ्या रद्दीची शाई काढणं आलंच. पल्परमध्ये (रद्दी पाण्यात घुसळायच्या टाकीत) कॉस्टिक, सोडियम सिलिकेट, पेरॉक्साइड आणि साबण घालून लगदा फोडतात, पीएच ९ ते १०. मग सुमारे १ टक्का पातळ करून खालून हवा सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात, तो फेस काढून टाकायचा.
बिघडतं कुठं? लेझर प्रिंटरचा टोनर प्लास्टिकसारखा वितळून चिकटलेला असतो, मोठे पापुद्रे निघतात, ठिपके राहतात. फ्लेक्सो छपाईची पाण्यात मिसळणारी शाई उलट इतकी बारीक की बुडबुड्याला सापडत नाही, लगदा करडा होतो. बाइंडिंगचा गरम डिंक आणि स्टिकर वितळून चिकटे होतात, ड्रायरवर बसतात, कागद तुटतो. आणि फिरत्या पाण्यात जिवाणू वाढले की त्यांचं कॅटालेज हे विकर पेरॉक्साइड फुकट फोडतं. रसायन घातलं तरी पांढरेपणा येत नाही, ऑपरेटर आणखी ओततो.
घट १५ ते २० टक्के. टन कागदाला सव्वा टनापर्यंत रद्दी. १७५ ते २५० किलो कोरडा गाळ, म्हणजे निम्म्या ओलीसह साडेतीनशे ते पाचशे किलो. त्यात शाई, चुनखडीची भुकटी, आखूड धागे. तो कुठं जातो हे लेखी मागा. 'वीटभट्टीला देतो' असं उत्तर आलं तर पावती मागा. पुठ्ठ्याच्या रद्दीतून निघणाऱ्या प्लास्टिकचंही तसंच. ते बॉयलरमध्ये ढकलत असतील आणि त्यात पीव्हीसी असेल तर इतर सगळी बचत धुरात.

पऱ्हाटी
लातूरची रद्दी पुण्याकडं न्यायची, तिथून कागद परत आणायचा, डिझेल नाही का जळत?

बॉयलरभाऊ
जळतं, पण बाऊ नको. ३३० किलोमीटर, ४ किमीला लिटर, ८२ लिटर. लिटरला २.७ किलो धरून सव्वादोनशे किलो. १० टन माल असेल तर टनामागे २२ किलो, रिकामा परत आला तर ४४. वरच्या पावणेनऊशेपुढे ५ टक्के. मात्र सुटी रद्दी भरली तर त्याच ट्रकमध्ये ३ टनच बसते आणि आकडा तिप्पट होतो. म्हणून गावातच गठ्ठे बांधायचं यंत्र हवं.

रद्दीशास्त्री
गठ्ठे आले की ओल मोजा. १० टक्के ओल मान्य. २० टक्के ओलीचा टनभर गठ्ठा म्हणजे ८०० किलो कोरडा, १० टक्क्यांच्या हिशेबाने ८८९ किलो. १११ किलो पाणी रद्दीच्या भावाने घेतलं. तेच पाणी मग 'उतारा कमी' म्हणून पर्यावरणाच्या अहवालातही शिरतं.

मांजराकाठची
तर तिन्ही विक्रेत्यांना असं पत्र पाठवते: वाफ टन प्रति टन, इंधन कोणतं, बाहेरची वीज किती युनिट, ताजं पाणी आणि त्याचा स्रोत, रसायन रिकव्हरी टक्के, विरंजन कशाने, कच्च्या मालाचा उतारा कोणत्या ओलीवर, गाळ कुठं जातो. बगॅसवाल्याला जादा प्रश्न: तुम्हाला माल देणारा कारखाना बदली काय जाळतो? सगळं वर्षाच्या सरासरीने, सर्वोत्तम महिन्याचं नको. काही राहिलं?

तुळजाई
सांडपाण्याचा बीओडी आणि सीओडी, म्हणजे त्यातली घाण पाण्यातला किती ऑक्सिजन खाते याची मापं. कागद उद्योग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १७ अतिप्रदूषक उद्योगांच्या यादीत आहे, त्यामुळे मोठ्या कारखान्यांत सतत मोजणारी यंत्रणा असते. तिचे आकडे मागा, प्रयोगशाळेचा एका दिवसाचा कागद नको.

गोदाकाठ
आणि कव्हर. त्यावर प्लास्टिकचं लॅमिनेशन नको, ही अट घाला. वही रद्दीत गेल्यावर कागद पल्परमध्ये सुटतो, लॅमिनेट केलेलं कव्हर नाही. ते चाळणीवर अडकून रिजेक्टमध्ये (टाकाऊ मालात) जातं. तपासायचं तर कव्हरचा तुकडा कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी चोळा. पारदर्शक पापुद्रा हातात आला की कळलं. पिनांचं टेन्शन नको, त्या पल्परच्या तळाशी बसतात.

पिठलं_भाकर
एवढं करून मुलं मागच्या पानावर फुली-गोळाच खेळणार.

कागदी_घोडे
खेळू द्या. दोन्ही बाजूंनी वापरलं की एककात बसतं.